हलत्या नजरेची तक्रार ऐका

चष्म्याचा नंबर बरोबर, मोतीबिंदू नाही, डोळ्याचा पडदा ठीक. तरीही ओळीवर नजर ठरत नाही. चालताना दुकानांच्या पाट्या हलतात, जिना उतरताना पायऱ्या वरखाली होतात, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा थरथरतो. अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला आपल्याकडे बहुधा ठरलेली उत्तरे मिळतात. अशक्तपणा असेल, मानेच्या मणक्यामुळे असेल, फार विचार करता म्हणून असेल. चक्करवरच्या गोळ्या लिहून दिल्या जातात, कधी चष्मा बदलला जातो, आणि दुखणे आपल्या गतीने वाढत राहते. खरे कारण डोळ्यात नसून डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत असू शकते, हे अनेकदा फार उशिरा लक्षात येते.

२५ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय अ‍ॅटॅक्सिया जागृती दिन. अ‍ॅटॅक्सिया म्हणजे शरीराच्या हालचालींमधला मेळ बिघडणे, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण लहान मेंदूचे विकार. पाय फाकवून चालणे, अडखळत बोलणे, कप उचलताना हात थरथरणे, ही लक्षणे चारचौघांना दिसतात. डोळ्यांचे बिघडणे तसे सहज दिसत नाही. ते रुग्णाला जाणवते, पण नेमक्या शब्दांत सांगता येत नाही, आणि त्याला तसे कोणी विचारतही नाही. वास्तविक लहान मेंदूच्या आजारात डोळ्यांच्या हालचाली लवकर बिघडतात आणि पुष्कळ वेळा आजाराचा नेमका प्रकारही सांगतात.

इथे दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. डोळा लवतो तेव्हा पापणी फडफडते. ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असते आणि त्याचा या विषयाशी संबंध नाही. इथे बुबुळासह सगळा डोळा आपोआप हलतो. दुसरे असे की काही मुलांचे डोळे जन्मल्यापासून किंवा पहिल्या काही महिन्यांपासून हलत असतात. अशा मुलांना जग हलताना सहसा दिसत नाही, कारण त्यांचा मेंदू त्या हालचालीसकट पाहायला शिकलेला असतो. मोठेपणी डोळे हलू लागले तर मात्र सभोवतालचे सगळे जगच हलू लागते. म्हणून मोठ्या वयात नव्याने सुरू झालेली अशी हालचाल कधीही दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

नजर स्थिर ठेवणे ही मेंदूची मोठी कामगिरी आहे. बारीक अक्षर वाचता येते ते दृष्टिपटलाच्या मधल्या अगदी छोट्या भागाने. तिथे पडलेली प्रतिमा सेकंदाला सुमारे ५ अंशांपेक्षा अधिक वेगाने सरकू लागली की अक्षर पुसट होते. चालताना तर डोके प्रत्येक पावलाला हलते. तरीही आपल्याला रस्ता स्थिर दिसतो, कारण कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय डोक्याची हालचाल टिपते आणि सुमारे १० मिलिसेकंदांत डोळे तितकेच उलट दिशेला फिरतात. डोळ्यांनी पाहून ही दुरुस्ती करायची म्हटले तर तिला याच्या कितीतरी पट वेळ लागला असता.

ही दुरुस्ती अचूक राहावी याची जबाबदारी लहान मेंदूची. नवा, जास्त नंबरचा चष्मा लावला की पहिले काही दिवस जमीन वरखाली झाल्यासारखी वाटते आणि मग सगळे पूर्ववत होते. त्या काही दिवसांत लहान मेंदूने डोळे किती फिरवायचे याचे माप बदलून घेतलेले असते. मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत आहेत, जरी वजनात त्याचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपासच असला तरी. त्याच्या बाहेरच्या थरातल्या मोठ्या पेशींना पुर्किंजे पेशी म्हणतात. १८३७ मध्ये या पेशींचे वर्णन करणाऱ्या यान पुर्किंजे यांनीच त्याआधी, गरगर फिरून थांबल्यावर येणारी चक्कर आणि डोळ्यांच्या हालचाली यांचा अभ्यास केला होता.

लहान मेंदूला इजा झाली की माणसाचे नेमके काय बिघडते, याचे पद्धतशीर वर्णन पहिल्या महायुद्धात झाले. डोक्याच्या मागच्या भागात गोळी लागलेले अनेक ब्रिटिश सैनिक गॉर्डन होम्स या मज्जासंस्थातज्ज्ञाने तपासले. १९१७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात हातापायांच्या विस्कळीत हालचालींबरोबर डोळ्यांचीही नोंद आहे. जखमेच्या बाजूला पाहायला सांगितले की डोळे तिथे टिकत नाहीत, मध्याकडे घसरतात आणि झटक्याने परत जातात. या पुढेमागे होणाऱ्या हालचालीला वैद्यकात निस्टॅग्मस म्हणतात.

डोळे कडेला नेऊन तिथे धरून ठेवायचे तर स्नायूंना सतत आज्ञा मिळत राहावी लागते. ही आज्ञा साठवून ठेवणारे पेशीजाल मेंदूच्या देठात आहे, पण ते स्वतः गळके असते. गळक्या हौदातली पातळी राखायला नळ चालू ठेवावा लागतो, तसा लहान मेंदू त्या आज्ञेत सतत भर घालत राहतो. निरोगी माणसात ही गळती इतकी मंद असते की डोळा मध्याकडे परतायला २० सेकंदांहून अधिक काळ लागावा. लहान मेंदूची मदत गेली की हा काळ दीड-दोन सेकंदांवर येतो. डोळा घसरतो, मेंदू तो पुन्हा जागेवर आणतो, तो पुन्हा घसरतो. रुग्ण वाचत असतो तेव्हा हे मिनिटामागून मिनिट चाललेले असते. वाचून डोके दुखते, थकवा येतो, असे तो म्हणतो ते अगदी खरे असते.

लहान मेंदूचा कोणता भाग बिघडला त्यावर हालचालीचे रूप ठरते. फ्लॉक्युलस नावाचा भाग बिघडला तर डोळे हळूहळू वर सरकतात आणि झटक्याने खाली येतात. खाली आणि बाजूला पाहताना हा त्रास वाढतो. त्यामुळे पुस्तक वाचणे, जिना उतरणे, तांदूळ निवडणे, ताटात वाढून घेणे अशी खाली पाहून करायची सगळी कामे कठीण होतात. घरच्यांना कळत नाही की टीव्ही नीट पाहणाऱ्या माणसाला जिन्यात हात का धरावा लागतो. या प्रकारामागे लहान मेंदूची झीज असते, कवटीच्या तळाशी लहान मेंदूचा काही भाग मणक्याच्या पोकळीत उतरलेला असतो, लिथियमसारखे औषध असते, किंवा रक्तातले मॅग्नेशियम फार कमी झालेले असते. बऱ्याच रुग्णांत आजवर कारण सापडत नव्हते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने उतारवयात सुरू होणाऱ्या अशा एका अ‍ॅटॅक्सियाचे मूळ एफजीएफ१४ या जनुकात दाखवले. भारतीय रुग्णांतही तो आढळला आहे.

नोड्युलस या भागाच्या विकारात निस्टॅग्मसची दिशा दर दीड-दोन मिनिटांनी उलटते. आता डावीकडे झटके, थोड्या वेळाने थांबणार, मग उजवीकडे. अर्धा मिनिट पाहून निर्णय देणाऱ्या डॉक्टरच्या हातून हा प्रकार निसटतो. नजर उडी मारून एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर नेणे हे लहान मेंदूच्या मधल्या भागाच्या देखरेखीखाली चालते. तो बिघडला की नजर लक्ष्याच्या पुढे जाते किंवा अलीकडेच थांबते, आणि मग दोन-तीन छोट्या उड्या मारून जागेवर येते. फ्रीडरिक अ‍ॅटॅक्सियात स्थिर पाहतानाच डोळा किंचित बाजूला जातो आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात परत येतो, हे पुन्हा पुन्हा घडते.

या विषयात मुंबईचे योगदान मोठे आहे आणि मराठी वाचकाने ते जाणून घ्यायला हवे. १९७१ साली डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. आर. के. स्वामी यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ भारतीय कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. या कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या अ‍ॅटॅक्सिया चालत आलेला होता. त्यातल्या रुग्णांचे डोळे थरथरत नव्हते, ते विलक्षण मंद झाले होते. एका वस्तूवरून दुसरीवर नजर न्यायला सांगितली की डोळे उडी न मारता सावकाश सरकत जात. निस्टॅग्मसमध्ये डोळा परत आणणारा जो झटका असतो, तोच इथे उरत नाही; म्हणून लहान मेंदू झिजलेला असूनही निस्टॅग्मस दिसत नाही. जेजे रुग्णालयात काम केलेल्या वाडिया यांनी डोळ्यांच्या या मंदपणावरून अ‍ॅटॅक्सियाचा एक स्वतंत्र प्रकार ओळखला, तोही जनुकीय चाचण्या दूर असताना.

पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, एससीए२ या आनुवंशिक अ‍ॅटॅक्सियाचे जनुक सापडले. १९९८ साली वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांच्या अभ्यासातून दाखवले की डोळ्यांचा हा मंदपणा एससीए२ च्या निदानात फार महत्त्वाची खूण आहे. पुढे अशा रुग्णाच्या मृत्यूनंतर केलेल्या मेंदूच्या तपासणीत मेंदूच्या देठातल्या, नजरेला झटका देणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या आढळल्या. म्हणजे मंदपणाचे मूळ लहान मेंदूच्या शेजारी, देठात होते. डोळ्यांकडे बारकाईने पाहणारा एक डॉक्टर काय शोधू शकतो, याचा हा आपल्या घरचा दाखला आहे. आज यंत्रे कितीतरी आली, पण रुग्णाच्या डोळ्यांकडे दोन मिनिटे शांतपणे पाहण्याची सवय वाढली आहे असे म्हणता येत नाही.

ही सवय काही वेळा जीव वाचवते. अचानक गरगरू लागले, ओकाऱ्या होऊ लागल्या, उभे राहता येईना, तर कारण कानात असू शकते किंवा लहान मेंदूच्या पक्षाघातात. दोन्ही सुरुवातीला सारखेच दिसतात. २००९ साली 'स्ट्रोक' या नियतकालिकात १०१ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डोके झटकन वळवले तर नजर टिकते का, निस्टॅग्मसची दिशा नजरेबरोबर बदलते का आणि दोन डोळे एका पातळीत आहेत का, एवढ्या तीन गोष्टी तज्ज्ञांनी खाटेजवळ तपासल्या. त्यात पक्षाघाताचा एकही रुग्ण निसटला नाही. सुरुवातीच्या एमआरआयने मात्र १२ टक्के पक्षाघात चुकवले होते. ही तपासणी शिकावी लागते, आणि गरगर सतत चालू असलेल्या रुग्णातच ती लागू पडते. पण तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. तालुक्याच्या रुग्णालयातही ती करता येते, आणि म्हणूनच आपल्या वैद्यकीय शिक्षणात तिला अधिक वेळ मिळायला हवा.

काही कारणे वेळीच ओळखली तर दूर करता येतात. अपस्मारावरचे फेनिटॉइन हे स्वस्त आणि जुने औषध आपल्याकडे फार वापरात आहे. रक्तातले त्याचे प्रमाण मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की डोळे थरथरू लागतात, ३० च्या वर गेले की तोल जातो. गोळी थोडी वाढवली तरी रक्तातले प्रमाण एकदम उसळू शकते, हा या औषधाचा स्वभाव आहे. अशा वेळी रुग्णाने स्वतःहून गोळी बंद करू नये, त्याने झटके उलटतात. डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घ्यावे. बी१ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता हे दुसरे कारण. दारूच्या आहारी गेलेल्यांना, फार दिवस ओकाऱ्या होणाऱ्यांना, पोटात अन्न न टिकणाऱ्या गर्भवतींना ती होऊ शकते. डोळे हलणे किंवा अडकणे, तोल जाणे आणि गोंधळल्यासारखे वागणे यांतली लक्षणे दिसली तर हे जीवनसत्त्व शिरेतून तातडीने द्यावे लागते. उशीर झाला तर स्मरणशक्तीची कायमची हानी होते.

लहान मुलाचे डोळे अचानक सगळ्या दिशांना सैरावैरा उडू लागले, हातपाय झटके देऊ लागले आणि चालते मूल पडू लागले, तर ती मोठी धोक्याची सूचना असते. १९६२ मध्ये वर्णन झालेल्या या आजारात जवळपास निम्म्या मुलांच्या शरीरात कुठेतरी न्यूरोब्लास्टोमा नावाची गाठ दडलेली सापडते. डोळ्यांमुळे ती लवकर शोधता येते. दृष्ट लागली, भूत लागले म्हणून असे मूल एक दिवसही घरात ठेवू नये.

आजाराइतकाच त्रास रुग्णाला समाजाकडूनही होतो. दारू लहान मेंदूवरच परिणाम करते, त्यामुळे दारू प्यायलेला माणूस आणि लहान मेंदूचा रुग्ण यांची चाल, बोलणे आणि डोळे सारखे दिसतात. अमेरिकेत पोलीस रस्त्यावर चालकाची नजर कडेला नेऊन निस्टॅग्मस पाहतात ते याच कारणाने. आपल्याकडे या साम्याची शिक्षा निर्दोष माणसाला भोगावी लागते. बसमध्ये चढताना झोक गेला की लोक नाक मुरडतात, नोकरीवर संशय घेतला जातो, लग्नाच्या वयाच्या मुलीला घरात लपवले जाते. आनुवंशिक प्रकारात तर एकाच घरातल्या दोन पिढ्यांना हे सोसावे लागते. एससीए२ असलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. अशा घराला कुजबुज नको असते, जाणकाराचा सल्ला हवा असतो.

सरकारी नियमांतही या रुग्णांची नीट नोंद नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे. दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांखाली उदाहरणादाखल मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत, अ‍ॅटॅक्सियाचे नाव नाही. अल्पदृष्टी ठरते ती दृष्टीची तीक्ष्णता आणि दृष्टीचा आवाका यांवरून. खुर्चीत स्थिर बसून तक्ता वाचून दाखवू शकणारा, पण चार पावले चालताच ज्याचा रस्ता हलू लागतो, असा माणूस या मापात कुठेच बसत नाही. चालण्यातल्या अडचणीवरून त्याला प्रमाणपत्र मिळू शकते, पण नजरेचे नुकसान हिशेबात येत नाही. मूल्यमापनाच्या नियमांत हलत्या नजरेचा समावेश व्हायला हवा, आणि अ‍ॅटॅक्सियाचे नावही त्या यादीत स्पष्ट यायला हवे.

उपचार नाहीत ही समजूतही पूर्ण खरी नाही. झीज थांबवणारे औषध बहुतेक अ‍ॅटॅक्सियांना आज उपलब्ध नाही, हे मान्य करायला हवे. पण डोळ्यांच्या काही हालचालींवर औषधे आहेत. डोळे वर सरकून खाली झटकणाऱ्या प्रकारात ४-अ‍ॅमिनोपिरिडीनचा काही रुग्णांना चांगला उपयोग होतो. त्याने फिट येण्याचा धोका असल्याने ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावे. दिशा उलटणाऱ्या प्रकारावर बॅक्लोफेन हे औषध गुणकारी ठरते, हे १९८० पासून ठाऊक आहे. मधूनमधून येणाऱ्या एका आनुवंशिक अ‍ॅटॅक्सियात अ‍ॅसिटाझोलामाइडने झटके कमी होतात. काहींना प्रिझमचा चष्मा मदत करतो. तोल आणि समन्वयाचे नियमित व्यायाम झीज होणाऱ्या आजारातही चाल सुधारतात, हे २००९ च्या एका जर्मन अभ्यासाने दाखवले आहे. उलट, चक्करवरच्या गोळ्या महिनोन् महिने घेत राहिल्याने मेंदूची स्वतःला सावरून घेण्याची क्षमताच मंदावते.

म्हणून काही साध्या गोष्टी करता येतील. तोल जातो, चक्कर येते असे सांगणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरांनी एक प्रश्न जरूर विचारावा: समोरचे हलताना दिसते का? मग त्याला बोटाकडे पाहायला सांगून नजर डावी, उजवी, वर, खाली नेऊन धरायला लावावी, दोन बोटांमध्ये नजर उडवायला सांगावी, आणि डोळे मध्यावर आल्यावरही थोडा वेळ पाहत राहावे. नेत्रतज्ज्ञांनी पडदा ठीक आहे एवढे सांगून रुग्णाला परत न पाठवता मज्जासंस्थातज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. घरच्यांनी त्रास सुरू असताना चांगल्या उजेडात मोबाइलवर डोळ्यांचे चित्रण करून ठेवावे. अधूनमधून होणाऱ्या त्रासात तेच सर्वांत मोठा पुरावा ठरते. वैद्यकीय महाविद्यालयांनी ही तपासणी परीक्षेपुरती न ठेवता रोजच्या बाह्यरुग्ण विभागात आणावी. आणि रस्त्यात झोक जाणारा माणूस दिसला तर त्याला दारुडा ठरवण्याआधी आपण सर्वांनी त्याला आधाराचा हात द्यावा.